वेखंडे भाऊजी आणि कपडे सुकवायचं मशीन

वेखंडे भाऊजी गेल्याचा फोन मुरबाडहून आला तेव्हा मी मेथी निवडत होते. त्यांच्या मुलीचा, संगीताचा फोन. "काकू, बाबा गेले" असं ती म्हणाली, मी "बरं झालं कळवलंस" म्हटलं, तिनं फोन ठेवला. मग मी उरलेली जुडी निवडली. देठ वेगळे, पानं वेगळी. भाजी फोडणीला घालताना माझ्या लक्षात आलं की मला काहीच वाटलेलं नाही. रडूसुद्धा नाही. दात काढल्यावर गालाला हात लावावा आणि गाल दुसऱ्याचाच वाटावा, तसं झालं होतं. दोन-चार दिवस मी वाट पाहिली. काही आलं नाही. म्हणून म्हटलं, निदान लिहून तरी बघू.

त्यांचं चरित्र मला ठाऊक नाही. मुरबाडच्या बाजूला कुठेतरी त्यांचं गाव, घरी भातशेती, भाऊ ती बघायचे, आणि हे धरणाच्या नोकरीत. एवढंच. पण भातसानगरच्या कॉलनीत आमची आणि त्यांची भिंत एक होती. एका भिंतीच्या दोन बाजूंना माणसं इतकी वर्षं राहिली की चरित्राची गरज उरत नाही. त्यांचं खोकणं कुठलं आणि खाकरणं कुठलं, हे मला झोपेतसुद्धा कळायचं.

ते स्टोअरकीपर होते. उंच, काटकुळे, आणि चेहरा असा की गणपतीच्या आरतीलाही ते शिल्लक माल मोजायला आल्यासारखे वाटायचे. गळ्यात दोरी, दोरीला स्टोअरच्या किल्ल्या, आणि प्रत्येक किल्लीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातलेला. का, तर वाजू नयेत म्हणून. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वहिनी, किल्ली वाजली का माणसाला वस्तू आठवते. मंग तो मागाय येतो."

त्यांचा एकच नियम. जुनं जमा करा, नवं न्या. बल्ब हवा तर गेलेला बल्ब आणा. झाडू हवा तर जुन्या झाडूचा बुडखा आणा. मोठ्या साहेबांच्या बाईंनी फडकी मागवली तेव्हा यांनी शिपायाला परत पाठवला, जुनी फडकी कुठायत म्हणून. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या; पण जुनी फडकी आली तेव्हाच नवी गेली. एकदा एका चौकीदाराच्या हातून बॅटरी धरणाच्या पाण्यात पडली. तो बिचारा स्टोअरच्या दारात उभा राहून रोज विनवण्या करायचा. हे म्हणायचे, "काढ बाहेर, जमा कर, मंग बगू." एवढ्या मोठ्या पाण्यातून कोण काढणार बॅटरी? आमच्या ह्यांनी भाऊजींना बरंच सुनावलं. त्यांनी नेहमीसारखं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. मग पुढे कधीतरी कळलं की त्यानंतर त्या चौकीदाराच्या हातात जी बॅटरी दिसायची ती भाऊजींच्या घरची. स्टोअरची बॅटरी मात्र त्यांनी दिली नव्हती ती नव्हतीच.

दुसरा नियम मला जास्त खुपायचा. ते कुणाच्या घरात बसत नसत. दारात उभे राहायचे, निरोप सांगायचे, वळायचे. संक्रांतीला नाही, सत्यनारायणाला नाही. प्रसाद उंबऱ्यावर हात पुढे करून घ्यायचे. "आत या की भाऊजी, काय वाघ बसलाय का आत?" असं मी किती वेळा म्हटलं असेल. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "स्टोअरवाल्यानं कोनाचा चाय पिऊ नये. चाय पोटात गेला का किल्ली हातात येते." बोलणं खरं होतं, पण मला राग यायचा. मी काही बल्ब मागणार नव्हते.

आणि त्यांची बायको, मालतीवहिनी, सगळी उलट. त्यांच्या घरातून चहा न पिता कुणी बाहेर पडलं असेल तर ती मांजर असेल. मांजरीलासुद्धा बशीत दूध मिळायचंच. बोलायच्या अशा, की मी इकडे पोळ्या लाटत असायचे आणि भिंतीतून मला सगळी कॉलनी ऐकू यायची. नवरा कुणाच्या घरी जात नाही म्हणून सगळ्या कॉलनीला त्यांनी आपल्या घरी बोलावलं होतं. बाहेरच्या खोलीत बायका बसलेल्या, आणि भाऊजी मागच्या ओट्यावर तंबाखू मळत एकटे. दोघांचं बरं चाललं होतं.

वहिनींची कपड्यांची दोरी ही आमच्या घरांच्या लाइनीतली बघण्यासारखी गोष्ट होती. चादरी एका टोकाला, मग साड्या, मग भाऊजींचे शर्ट, सगळे एका दिशेला तोंड करून. आतले कपडे साडीच्या आड. सुरकुती दिसली तर काढून पुन्हा पिळायच्या आणि पुन्हा वाळत घालायच्या. माझी दोरी बघून एकदा म्हणाल्या, "गो, ही कापडं वाळत घातलीस का फेकलीस?" मला त्यांचा राग आला नाही. त्या दिवसापासून मी चादर झटकून घालते.

त्या पडल्या त्या दोरीखालीच. हात वर करून चिमटा लावत होत्या. शहापूरला नेलं, तिथून ठाण्याला नेलं, परत आणलं. उजवं अंग गेलं होतं आणि बोलणं गेलं होतं. बोलण्यातला एक शब्द तेवढा उरला होता. "बरं." भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, नको असलं तरी बरं. मुलगी मुरबाडहून आली, गळ्यात पडून रडली, त्यावरही वहिनी "बरं" म्हणाल्या. आम्ही बायका एकमेकींकडे बघेनाशा झालो.

संगीता आईला घेऊन जायला निघाली होती. भाऊजींनी नेऊ दिलं नाही. "ती तिच्या घरात ऱ्हाईल," एवढंच म्हणाले. आणि त्या दिवसापासून त्यांनी पुढचं दार लावून घेतलं. उठवणं, धुणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं त्यांनी स्वतः केलं. स्टोअरमध्ये जायचे, मध्येच घरी येऊन जायचे, पुन्हा जायचे. आम्ही डबा घेऊन गेलो तर डबा दारातून घ्यायचे, धुऊन दारातून परत द्यायचे. आत या म्हणायचे नाहीत. आमच्या लाइनीच्या टोकाला गायकवाड वहिनी राहायच्या. सरकारी दवाखान्यात आया होत्या, तोंडानं फटकळ. त्या एकदा म्हणाल्या, "भाऊ, आम्हाला बघू तरी द्या तिला." भाऊजी म्हणाले, "तिची कापडं वाईट होतात. तिला असं कोनी बगितलेलं तिला चालाचं नाय."

ज्या बाईनं आपले आतले कपडे आयुष्यभर साडीच्या आड वाळवले, तिच्यासाठी ते हे म्हणत होते. त्यात चूक काढायला जागा नव्हती. आम्ही परत आलो. भिंतीतून आता फक्त एकच शब्द ऐकू यायचा. काही दिवसांनी तोही कानावर पडेनासा झाला.

डॉक्टरांनी भाऊजींना एक गोष्ट बजावून सांगितली होती. पाठ कोरडी ठेवा. ओल्यावर पडून राहिल्या तर पाठीला जखम होईल, आणि ती जखम भरणार नाही. उन्हाळ्यात हे जमलं. पण आमच्याकडचा पाऊस सुरू झाला की चादर तीन-तीन दिवस दोरीवर तशीच, वर वास मारणारी. उशांना बुरशी येते, डब्यातलं मीठ पाझरतं. भाऊजी ओल्या चादरींवर इस्त्री फिरवायचे. भिंतीपलीकडून इस्त्रीची चर्रचर्र ऐकू यायची आणि जळका वास यायचा. त्या पावसाळ्यात वहिनींच्या माकडहाडाशी कातडी लाल झाली. हे मला भाऊजींनी दारात उभं राहून सांगितलं, स्टोअरमधला माल सांगावा तसं. आवाज कुठे हलला नाही.

मशीन आलं ते याच सुमाराला. साहेबांची बदली झाली. त्यांच्याकडे कपडे सुकवायचं मशीन होतं, बाईंच्या भावानं परदेशातून पाठवलेलं. पांढरी पेटी, पोटात फिरणारं पिंप, गरम वारा सोडायचं, तासाभरात चादर कोरडी. बाईंनी ते भाऊजींना देऊ केलं. फडक्यांवरून रागावलेल्याच त्या बाई. भाऊजी नुसतं घेतील तर कसले! त्यांनी घरातली जुनी सागवानी खुर्ची उचलली आणि साहेबांच्या ट्रकवर नेऊन ठेवली. जुनं जमा, नवं घेतलं. त्या खुर्चीचं बाईंनी काय केलं देव जाणे.

दोन पावसाळे त्या मशीननं काढले. भिंतीतून एक घरघर यायची, पिठाच्या गिरणीसारखी, पण मऊ. वहिनींच्या पाठीची लाली गेली. भाऊजींचा चेहरा होता तसाच राहिला, पण ते तंबाखू मळायला पुन्हा ओट्यावर बसायला लागले. दार बंदच होतं. आता तर कुणाची गरजच नव्हती.

तिसऱ्या पावसाळ्यात, ऐन आषाढात, मशीन बिघडलं. पिंप फिरायचं, वारा यायचा, पण वारा गार. कपडे आत जायचे तसेच ओले बाहेर यायचे. कॉलनीतला वायरमन मोरे मागचं झाकण उघडून बसला. थोड्या वेळानं त्यानं एक चकती काढून दाखवली, रुपयाएवढी, मागे दोन पाय. "थर्मोस्टॅट गेलाय," म्हणाला. ही चकती गरमीवर लक्ष ठेवते, फार तापलं की तोडते, निवलं की जोडते. आता ती तुटली होती ती जोडतच नव्हती. "हिच्यासारखी दुसरी मिळाली का बसवाची, मशीन पयल्यासारखं. पन हीच दाखवा दुकानात. आकडे हायेत मागं. हिच्याबिगर मिळाची नाय."

शहापुरात दुकानदारांनी इस्त्रीचे दाखवले, गिझरचे दाखवले. कुणीतरी सांगितलं, मुरबाडला एक जण मिक्सर, पंखे, काहीही दुरुस्त करतो, त्याचा माल उल्हासनगरहून येतो. भाऊजी एसटीनं मुरबाडला गेले. दुकानदारानं चकती बघितली, म्हणाला, आणून देतो, चार-आठ दिवसांनी या. भाऊजी परत आले. मी दारातच विचारलं, "मिळाली?"

"मिळंल. सांगितलंय."

"आणि जुनी कुठाय?"

"जमा केली."

"जमा केली म्हणजे?"

"दुकानात. नवी न्याची तर जुनी जमा कराय नको?"

मी कपाळाला हात लावला. आयुष्यभर दुसऱ्यांकडून जुनं मागून घेतलेला हा माणूस. दुकानाच्या फळीसमोर उभा राहिला आणि हातानं आपोआप चकती फळीवर ठेवली. पावती नाही, आकडे लिहून घेतले नाहीत. आठ दिवसांनी परत गेले तेव्हा दुकानदाराला काही आठवेना. बिघडलेली म्हणून पोऱ्यानं ती भंगारात टाकली होती आणि भंगार उचलून गेलं होतं. भाऊजी दुकानदाराला अंगठा आणि बोट जुळवून दाखवत राहिले, एवढी, मागे दोन पाय. तसल्या शंभर चकत्या बाजारात असतील. त्या दिवशी ते एसटीतून उतरले तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना चुकलेल्या माणसासारखं बघितलं. छत्री हातात होती आणि उघडली नव्हती.

घरात कोरडी चादर उरली नव्हती. इस्त्री पुन्हा सुरू झाली. मी म्हटलं, द्या माझ्याकडे, शेगडीवर टोपली पालथी घालून सुकवते, बाळाची दुपटी सुकवतो तशी. माझ्या सासूबाईंची मोठी टोपली होती माझ्याकडे. ते नाही म्हणाले. मी म्हटलं, मी कुणाला दाखवणार नाही. तरी नाही म्हणाले. मग एका सकाळी गायकवाड वहिनी ड्यूटीवरून आल्या आणि सरळ त्यांच्या मागच्या दारानं आत शिरल्या. मीही मागोमाग गेले. भाऊजी बायकोच्या अंगाखालून काहीतरी काढत होते. काय घातलं होतं खाली, तर वहिनींचा लग्नातला शालू. घरातलं शेवटचं कोरडं कापड तेवढं होतं. ते ओलं झालं होतं.

गायकवाड वहिनींनी बादली उचलली. भाऊजी आडवे आले. त्या म्हणाल्या, "भाऊ, बाजूला व्हा. मी रोज हेच करते. तिथं मला कुनी लाजत नाय, आनि तुमी कोन टिकोजी लागून गेलात?"

"तिला आवडाचं नाय."

"तिला इचारलंत?"

भाऊजींनी विचारलं नव्हतं. कसं विचारणार? उत्तर एकच यायचं. सगळे वहिनींकडे बघायला लागले. वहिनी आमच्याकडे बघत होत्या. गायकवाड वहिनींकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. चेहऱ्याची अर्धी बाजू हलली. "बरं," म्हणाल्या. पण हे बरं मी ओळखलं. दारात पाहुणे आले की चपला काढायच्या आतच त्या म्हणायच्या, बरं झालं आलात, त्यातलं होतं ते.

मग आमच्या लाइनीत ते सुरू झालं. आज माझ्याकडे टोपली, उद्या गायकवाड वहिनींकडे, परवा आणखी कुणाकडे. ओलं गाठोडं भाऊजी मागच्या दारातून द्यायचे, नजर जमिनीकडे. सुकलेल्या घड्या आम्ही पुढच्या दारानं न्यायचो. घड्या द्यायला गेलं की आत जावं लागायचं, आत गेलं की बसावं लागायचं. आम्ही कॉलनीतलं काय काय सांगायचो. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली, कुणाची सासू कुणाला काय बोलली. वहिनी ऐकायच्या. बरं, बरं, बरं.

आणि एक दिवस, मी घडी उशाशी ठेवून बसले, तर वहिनी भाऊजींकडे बघून म्हणाल्या, "चहा."

मला वाटलं मलाच भास झाला. भाऊजी भिंतीला टेकून उभे होते ते तसेच राहिले. वहिनींनी डावा हात उचलला, माझ्याकडे केला, आणि पुन्हा म्हणाल्या. "चहा!" जरा चिडून. पाहुणी बसली आहे आणि हा माणूस ढिम्म उभा आहे, म्हणून. भाऊजी आत गेले. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. चहा आला तो पातळ आणि गोडमिट्ट. मी प्यायले. वहिनी माझ्या कपाकडे बघत होत्या, संपेपर्यंत. मी घरी येऊन खूप वेळ नुसती बसून होते. आनंद झाला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्यानंतर जी जाईल तिला चहा. एका दिवसात चार-चार बायकांना चहा. भाऊजींची साखर संपायला लागली. किल्ल्यांना ट्यूब लावणारा माणूस स्टोव्हशी उभा राहून कप विसळत होता.

श्रावणात मुरबाडच्या दुकानदाराचा निरोप आला. त्याच्या मनाला लागलं असावं. भाऊजींच्या वर्णनावरून उल्हासनगरला जाऊन तशाच मशीनची चकती शोधून त्यानं ती शहापूरच्या एसटीत ड्रायव्हरकडे दिली होती. भाऊजी स्टँडवर जाऊन घेऊन आले. मोरेनं ती बसवून दिली, दोन स्क्रू, दोन वायरी. कशी बसवली ते भाऊजी शेजारी बसून नीट बघत होते. मशीन सुरू झालं. भिंतीतून ती मऊ घरघर आली. आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. टोपल्या माळ्यावर गेल्या.

आता त्या घरात जायला निमित्त नव्हतं. तसं जाता आलं असतं, पण जाणं होत नाही. हातात घडी असली की पाय आपोआप त्या दाराकडे वळतात, रिकाम्या हातानं उंबऱ्याशी अडखळतात. आणि त्या दाराची आम्हाला आधीपासून सवयच तशी लागली होती. भाऊजीही या म्हणाले नाहीत. या म्हणायचं कसं, हे त्यांना येतच नव्हतं. भिंतीतून मी एक-दोनदा ऐकलं. "चहा," वहिनी म्हणायच्या. मग भाऊजींची पावलं, कपबशीचा आवाज. मग पुन्हा "चहा." मग भाऊजींचा आवाज, "हा काय दिला ना, पी." वहिनींना प्यायचा नव्हता. त्यांना द्यायचा होता. पुढे ते ऐकू येणं बंद झालं. बरंसुद्धा बंद झालं. नुसतं मशीन.

भादव्यातली गोष्ट. बाहेर धार लागली होती. मागच्या दारात भाऊजी उभे, हातात ओलं गाठोडं. नजर जमिनीकडे.

"मशीन परत बिघडलं, वहिनी."

"आता काय झालं? नवीच बसवली ना?"

"नाय चालत. गार वारा मारतं."

मी गाठोडं घेतलं. माळ्यावरून टोपली काढली, निखारे केले. चादर सुकली तशी घडी घालून घेऊन गेले. गायकवाड वहिनींनाही हाक मारली. आम्ही दोघी वहिनींजवळ बसलो. त्यांनी आम्हाला बघितलं, बराच वेळ बघितलं. मग भाऊजींकडे मान वळवली आणि हुकूम सोडला, "चहा." भाऊजी लगबगीनं आत गेले. मी इकडेतिकडे बघत होते, तर खिडकीच्या फळीवर, त्यांच्या दाढीच्या ब्रशशेजारी, स्क्रूड्रायव्हर पडलेला. आणि त्याच्या शेजारी ती चकती. नवी, चकचकीत, दोन पाय वर करून.

लपवायचं कसं हेसुद्धा त्या माणसाला ठाऊक नव्हतं. मी गायकवाड वहिनींकडे बघितलं. त्यांनीही ती बघितली होती. एरवी कुणाचं ऐकून न घेणाऱ्या त्या बाईनं पदर तोंडाला लावला आणि डोळ्यांनी मला गप्प राहा म्हणून खुणावलं. भाऊजी कप घेऊन बाहेर आले. आम्ही चहा प्यायलो. तो पावसाळा संपला, पुढे उन्हं पडली, तरी ते मशीन बिघडलेलंच राहिलं. मोरेनं दोनदा विचारलं, बघू का येऊन? भाऊजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे." लाइनीतल्या सगळ्या बायकांना कळलं होतं. एकीनंही कधी विषय काढला नाही. आणि आमच्या लाइनीतल्या बायका काही तोंडावर हात ठेवून बसणाऱ्या नव्हत्या.

मालतीवहिनी थंडीत गेल्या. झोपेत. पाठीवर एक ओरखडा नव्हता, गायकवाड वहिनींनी शेवटची आंघोळ घालताना मला मुद्दाम दाखवलं. भाऊजी रडले नाहीत. आम्हीही फारसं रडलो नाही. जे रडायचं ते कधी थोडं थोडं होऊन गेलं होतं, आम्हाला कळलंही नव्हतं. दिवस झाले, संगीता मुरबाडला परत गेली, भाऊजी स्टोअरला जायला लागले. जुनं जमा, नवं न्या. दारात उभं राहून निरोप. मागच्या ओट्यावर तंबाखू. भिंतीतून काहीच ऐकू येत नव्हतं, खोकलासुद्धा नाही.

पुढच्या पावसाळ्यात ते रिटायर होऊन मुलीकडे गेले. जाताना मी कॉलनीत नव्हते, माहेरी होते. म्हणून मला ते नीट दिसले ते शेवटचे त्याच्या आधी, एका दुपारी. आमचे हे ऑफिसात होते. दारात सावली आली म्हणून बघितलं तर भाऊजी. हातात त्यांचे दोन शर्ट, ओले, पिळलेले.

मला हसूही येईना आणि दुसरं काही येईना. मी म्हटलं, "काय भाऊजी, पुन्हा बिघडलं का मशीन?"

ते हो म्हणतील म्हणून मी हात पुढे केलाच होता.

"नाय," म्हणाले. "मशीन चालू हाय. चकती बसवली मीच."

"मग?"

"मंग काय. आनले."

मी शर्ट घेतले. टोपली मांडली, निखारे घातले, शर्ट झटकून नीट पसरले. ते उंबऱ्यावर उभे होते. मी बसा म्हटलं नाही. इतक्या वर्षांत म्हणून म्हणून माझं तोंड दुखलं होतं. त्यांनी चपला काढल्या, एकमेकींना चिकटवून भिंतीशी ठेवल्या, आत आले आणि खाटेच्या कडेवर बसले. हात गुडघ्यांवर. पागोळ्या गळत होत्या. शेगडीतल्या निखाऱ्यांची राख झाली. शर्ट केव्हाच सुकले होते. मी ते टोपलीवरून उचलले नाहीत, आणि त्यांनीही मागितले नाहीत.